आर्क्टिक महासागरातील खोल द्रोणींचा शोध : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

उत्तर ध्रुवाभोवतीचा समुद्र उथळ असावा, असा समज एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अनेक अभ्यासकांमध्ये प्रचलित होता. बारमाही हिमामुळे तेथे जहाजाने जाऊन खोली मोजणे शक्य नव्हते. ज्या सागरतळावर आज राष्ट्रे हक्क सांगतात, त्याचे ज्ञान कसे घडत गेले याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शोधाचे टप्पे

नॉर्वेचे संशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी १८९३ मध्ये ‘फ्राम’ हे जहाज हेतुतः हिमात अडकवून प्रवाहाबरोबर वाहू दिले. खोली मोजण्यासाठी नेलेली दोरी अपुरी पडली, तेव्हा जहाजावरील पोलादी दोरखंडाचे पीळ उलगडून नवी दोरी तयार करण्यात आली. तिने तीन हजार मीटरहून अधिक खोली दाखविली आणि उथळ समुद्राची कल्पना निकालात निघाली. १९३७ मध्ये इव्हान पापानिन यांच्या नेतृत्वाखालील सोव्हिएत पथकाने तरंगत्या हिमावरून ध्रुवानजीक ४,२९० मीटर खोली नोंदविली.

तरीही हा तळ म्हणजे एकच अखंड द्रोणी आहे, असे मानले जात होते. १९४८ मध्ये सोव्हिएत मोहिमांना ध्रुवाजवळून जाणारी, सुमारे १,८०० किलोमीटर लांबीची लोमोनोसोव्ह ही जलमग्न पर्वतरांग आढळली. शीतयुद्धामुळे हा शोध काही वर्षे जगासमोर आला नाही. दरम्यान १९५३ मध्ये अमेरिकेचे समुद्रशास्त्रज्ञ वर्थिंग्टन यांनी दोन भागांतील खोल पाण्याच्या तापमानात फरक असल्याचे पाहून, मध्ये अडसर असलाच पाहिजे असे अनुमान काढले. एका पक्षाने मोजून गुप्त ठेवलेली गोष्ट दुसऱ्याने तर्काने गाठली. या रांगेमुळे महासागराचे युरेशियन व अमेरेशियन असे दोन मोठे विभाग पडतात. युरेशियन विभागातील नान्सेन व अमुंडसेन द्रोणी गाक्केल पर्वतरांगेने विभागल्या आहेत.

निष्कर्ष

१९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदाविषयक करारानुसार, किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपलीकडील तळावरील हक्क त्या तळाच्या भूखंडाशी असलेल्या नैसर्गिक सलगतेवर अवलंबून असतो. त्यामुळे लोमोनोसोव्ह रांग कोणत्या भूखंडाचा विस्तार आहे, हा भूशास्त्रीय प्रश्न राजकीय झाला. रशियाने २००१ मध्ये, डेन्मार्कने २०१४ मध्ये व कॅनडाने २०१९ मध्ये आपले दावे सादर केले असून ते परस्परांवर येतात. २००७ मध्ये रशियन पाणबुड्यांनी ध्रुवाखालील तळावर ध्वज रोवला. परंतु त्यास कायद्याने कोणताही अधिकार प्राप्त होत नाही. दाव्याचा आधार मोजमाप हाच आहे. म्हणूनच ते मोजमाप कोणी, कोणत्या हेतूने केले व ते सर्वांस उपलब्ध झाले काय, हे तपासणे इतिहासाच्या अभ्यासकाचेही कर्तव्य ठरते.