शब्दवेध : मुरूम

मावळात विहीर खणताना माती सरली की मुरूम लागतो आणि त्याखाली काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा बेसाल्ट जागच्या जागी कुजून मुरूम झाला. कॅनडा-अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातली बरीचशी माती हिमनद्यांनी वाहून आणलेल्या गाळावर तयार झाली. आपली माती मात्र इथल्याच खडकाची लेक.

‘मुरूम’ ऐकला की ‘मुरणे’ आठवतं, कारण पाणी त्यात खरोखरच मुरतं. पण नादसाम्य हा व्युत्पत्तीचा पुरावा नव्हे. मोल्सवर्थने आपल्या मराठी-इंग्रजी कोशात हा शब्द घेतला आणि ठिसूळ, कुजक्या खडकाशी त्याचा संबंध जोडला. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशाने तो मराठीच असावा असं मानलं. आज केनिया-युगांडातल्या तांबड्या कच्च्या रस्त्यांनाही ‘मरम’च म्हणतात! खेड्यातल्या शब्दाने खरंच एवढा समुद्र ओलांडला असेल, तर मला त्याचा फार अभिमान वाटेल.

लोणावळ्याच्या धुवांधार पावसातही उताराची मुरमाड जमीन चिबडत नाही. अशा वरकस जमिनीत नाचणी, वरई येते. भाताला मात्र पाणी तुंबलेलं हवं, म्हणून खालच्या खाचरांना बांध घालून चिखलणी करायची. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने दिलेला ‘इंद्रायणी’ तांदूळ असल्याच खाचरांत पिकतो. आता डोंगर फोडून ब्रासच्या हिशेबाने मुरूम भरावासाठी नेला जातो, तेव्हा पाऊस जिरवणारा थरच निघून जातो.