पांढऱ्या शेफर्डचा दोष कोणता?

आपल्याकडे सर्रास ज्याला अल्सेशियन म्हणतात, तो कुत्रा म्हणजे जर्मन शेफर्ड. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये ‘जर्मन’ हा शब्दच नकोसा झाला, म्हणून तिथे या कुत्र्याचे नाव बदलले आणि तेच आपल्याकडे रुळले. नावाप्रमाणे हा मुळात मेंढ्या राखणारा कुत्रा. तांबूस अंग, पाठीवर काळी झूल आणि ताठ उभे कान हे त्याचे रूप आपल्या ओळखीचे आहे. पण याच जातीत कधीकधी पांढरीशुभ्र पिल्लेही जन्मतात. विसाव्या शतकात बराच काळ हा रंग दोष मानला गेला. तो दोष कसा ठरला आणि विज्ञानाने त्याविषयी काय सांगितले, ते आपण पाहू.

मेंढपाळाची निवड

मेंढपाळांना पांढऱ्या कुत्र्याचे वावडे नव्हते. पहिल्या शतकात शेतीवर ग्रंथ लिहिणाऱ्या कोलुमेला या रोमन लेखकाने मेंढपाळाच्या कुत्र्यासाठी पांढराच रंग सुचवला आहे. त्याचे कारण अगदी व्यवहारी आहे: अंधुक उजेडात कुत्रा आणि लांडगा यांत गल्लत होऊ नये. घराची राखण करणारा कुत्रा मात्र त्याला काळा हवा होता.

जर्मन शेफर्डची जात म्हणून रीतसर नोंद सुरू झाली १८९९ साली. मॅक्स फॉन स्टेफानिट्झ या घोडदळातील माजी अधिकाऱ्याने कार्ल्सरूए येथे एक कुत्रा विकत घेतला आणि त्याचे नाव होरांड ठेवले. त्याच वर्षी या जातीची संस्था स्थापन झाली. तिच्या वंशावळीच्या वहीत पहिले नाव होरांडचे आहे. होरांड पांढरा नव्हता, पण त्याच्या आईचा बाप ग्राइफ हा पांढरा होता. सुरुवातीच्या पैदाशीत होरांडच्या जवळच्या नात्यातील कुत्रे वारंवार वापरले गेले. म्हणजे पांढरा रंग या जातीत बाहेरून घुसलेला नाही. तो पायाभरणीच्या वेळीच घरात होता.

रंग बाद ठरतो

पुढे मेंढ्या राखण्याचे काम कमी झाले. हा कुत्रा पोलिसांकडे, सैन्यात आणि प्रदर्शनांच्या रिंगणात गेला. तिथे ठरावीक रूपाला महत्त्व आले. १९३३ साली जर्मनीत पांढरा रंग बाद ठरवण्यात आला. अमेरिकेतही १९६८ च्या नियमांनुसार पांढरा शेफर्ड प्रदर्शनासाठी अपात्र झाला. पांढऱ्या कुत्र्यांवर आरोप अनेक होते: ते रंगहीन विकृतीचे आहेत, बहिरे निपजतात, त्यांच्यामुळे पुढच्या पिढ्यांचे रंग फिके पडतात.

केसांत काय घडते?

कुत्र्याच्या केसांत दोन प्रकारची रंजकद्रव्ये असतात. एक काळे-तपकिरी, दुसरे पिवळे-तांबडे. कोणते तयार करायचे याचा निरोप रंजकपेशीच्या पृष्ठभागावरील एक प्रथिन घेते. त्या प्रथिनाच्या जनुकात बिघाड झाला की केसांत काळे द्रव्य तयारच होत नाही. २००० साली लॅब्रॅडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर या पिवळ्या कुत्र्यांमध्ये हा बिघाड नेमका सापडला: प्रथिनाची साखळी ३०६ व्या स्थानी अर्धवट तुटते. पांढऱ्या शेफर्डमध्येही तोच बिघाड आढळला. त्यात पिवळे द्रव्य अतिशय फिके करणाऱ्या इतर जनुकांची भर पडते, म्हणून तो पांढरा दिसतो.

आता आरोप तपासू. पांढऱ्या शेफर्डचे नाक, ओठ आणि डोळे गडदच असतात. म्हणजे तो रंगहीन विकृतीचा नाही. काही कुत्र्यांत पांढरेपणा आणि बहिरेपणा एकत्र दिसतात हे खरे. पण तिथे रंजकपेशी त्वचेत आणि अंतर्कर्णात पोहोचतच नाहीत, आणि ऐकण्यासाठी अंतर्कर्णात त्या लागतात. पांढऱ्या शेफर्डमध्ये या पेशी जागेवर असतात. बिघडलेल्या जनुकाची एकच प्रत असली तर काळा रंग फिकाही होत नाही, कारण हे जनुक अप्रभावी आहे. तांबूसपणा कमीजास्त होतो तो निराळ्या जनुकांमुळे.

बंदीने काय साधले?

अप्रभावी जनुक बंदीला दाद देत नाही, हे वर्गात गणिताने दाखवता येईल. समजा, एखाद्या कळपात बिघडलेल्या जनुकाचे प्रमाण दहात एक आहे आणि जोड्या सरमिसळ जमतात. पांढरी पिल्ले ०.१ × ०.१, म्हणजे शंभरात एक. पण जनुक लपवून बाळगणारी रंगीत पिल्ले २ × ०.१ × ०.९, म्हणजे शंभरात अठरा! शंभरातले एक पांढरे पिल्लू बाजूला काढले तरी अठरा वाहक पैदाशीत राहतात. प्रत्येक पिढीत पांढऱ्यांना पैदाशीपासून दूर ठेवले, तरी जनुकाचे प्रमाण निम्म्यावर यायला दहा पिढ्या लागतील.

बंदीनंतरही पांढरी पिल्ले जन्मत राहिली ती यामुळेच. १९७० च्या सुमारास अमेरिकेतून काही पांढरे कुत्रे स्वित्झर्लंडमध्ये आले. तिथे १९९१ पासून त्यांची वेगळी नोंद होऊ लागली. २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय श्वानसंघाने पांढरा स्विस शेफर्ड ही नवी जात तात्पुरती आणि २०११ मध्ये कायमची मान्य केली. म्हणजे एका जातीत जो रंग अपात्र, तोच दुसऱ्या जातीत आवश्यक! जनुक दोन्हीकडे एकच आहे.

प्रदर्शनात कोणता रंग चालावा हे माणसांनी ठरवावे. ती आवडीची बाब आहे. पण आवडीला रोगाचे नाव दिले की ते विधान तपासावे लागते. मेंडेलचे नियम शिकवताना फळ्यावर वाटाण्याशेजारी या कुत्र्यालाही जागा द्यावी. दोन रंगीत आईबापांना पांढरे पिल्लू कसे झाले, हे विद्यार्थ्यांनाच सोडवू द्यावे.