श्वानांतील स्तनग्रंथी व आचळ यांची अर्बुदे

नसबंदी न केलेल्या कुत्रीत आढळणाऱ्या अर्बुदांपैकी सर्वाधिक अर्बुदे स्तनग्रंथींची असतात. पेशींची वाढ नियंत्रणाबाहेर गेल्याने बनणाऱ्या गाठीला अर्बुद म्हणतात. ती मूळ जागीच मर्यादित राहिली तर सौम्य, आणि शेजारच्या ऊतकांत घुसून रक्तावाटे किंवा लसीकावाहिन्यांवाटे दूर पसरू लागली तर मारक, म्हणजेच कर्करोग, ठरते. कुत्रीच्या छातीपासून जांघेपर्यंत दोन रांगांत साधारणपणे पाच जोड्या स्तनग्रंथी असतात. त्यांपैकी मागच्या दोन जोड्यांत ग्रंथी-ऊतक अधिक असल्यामुळे बहुतेक गाठी तेथे होतात. बहुधा आठ-दहा वर्षांच्या पुढे हा विकार दिसतो. ढोबळमानाने निम्म्या गाठी सौम्य व निम्म्या मारक निघतात, तर मांजरीत हेच मारक प्रमाण ८५ टक्क्यांच्या आसपास असते.

या अर्बुदांचा अंडाशयातील संप्रेरकांशी, म्हणजे ईस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन यांच्याशी, निकटचा संबंध आहे, कारण प्रत्येक माजाच्या वेळी स्तनग्रंथींच्या पेशींना वाढीची चालना मिळते. अमेरिकेत १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, नसबंदी न झालेल्या कुत्रीच्या तुलनेत पहिल्या माजापूर्वी नसबंदी झालेल्या कुत्रीतील धोका ०.५ टक्के, एका माजानंतर ८ टक्के व दोन किंवा अधिक माजांनंतर २६ टक्के इतकाच उरतो. २०१२ सालच्या चिकित्सक आढाव्याने या विषयावरील एकूण पुरावा दुर्बल ठरविला असला, तरी संप्रेरकांचा वाटा नाकारला जात नाही. मोठ्या अंगाच्या काही जातींत लवकर नसबंदी केल्यास सांध्यांचे विकार वाढू शकतात, त्यामुळे योग्य वय जातीनुसार ठरवावे लागते. एकदा पिल्ले झाली की कुत्री या रोगापासून सुरक्षित होते, या प्रचलित समजुतीला मात्र आधार नाही. माज लांबविण्यासाठी दिली जाणारी प्रोजेस्टेरॉनसदृश औषधे गाठींचा, विशेषतः सौम्य गाठींचा, धोका वाढवितात.

आचळाची अर्बुदे तुलनेने विरळ आहेत. ती आचळातील दुग्धनलिकांपासून उद्भवतात, आणि मारक प्रकारात काही वेळा पेशी वरच्या त्वचेत शिरून आचळावर खपल्या व व्रण निर्माण करतात. मानवातील पॅजेट रोगाशी साम्य असलेले हे चित्र साध्या त्वचारोगाचे मानले जाण्याचा धोका असतो. आचळाजवळच्या त्वचेत मास्ट पेशींचे अर्बुदही होते, आणि ते हाताला स्तनगाठीसारखेच लागते. नर श्वानात स्तनार्बुद क्वचितच आढळते. मात्र वृषणातील सर्टोली पेशींच्या अर्बुदातून ईस्ट्रोजेन स्रवल्यास नराचे स्तन व आचळ फुगतात, त्यामुळे अशा वेळी वृषण तपासणे अगत्याचे असते.

गाठीचा आकार हा रोगाच्या भवितव्याचा फार महत्त्वाचा निदर्शक आहे. तीन सेंटिमीटरपेक्षा लहान असताना काढलेल्या मारक गाठीनंतर कुत्री जगण्याची शक्यता स्पष्टपणे अधिक असते, आणि ‘गाठ दुखत नाही, म्हणून थांबून पाहू’ असे म्हणण्यात हीच संधी हातची जाते. सुईने घेतलेल्या पेशींच्या तपासणीत मास्ट पेशींचे अर्बुद ओळखता येते, परंतु स्तनगाठ सौम्य की मारक याचा भरवशाचा निर्णय बहुधा काढलेल्या गाठीच्या ऊतकपरीक्षणानेच होतो. एकाच कुत्रीच्या वेगवेगळ्या गाठींचे स्वरूप भिन्न असू शकत असल्याने प्रत्येक गाठ स्वतंत्रपणे तपासावी लागते. शस्त्रक्रियेपूर्वी काखेतील व जांघेतील लसीकाग्रंथी चाचपतात आणि फुप्फुसांत प्रसार झाला आहे का हे पाहण्यासाठी छातीची क्ष-किरण छायाचित्रे घेतात.

शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार होय. गाठीच्या आकारानुसार व संख्येनुसार केवळ गाठ, एक ग्रंथी, लगतच्या काही ग्रंथी किंवा एका बाजूची संपूर्ण रांग काढली जाते. दोन्ही बाजू काढायच्या असल्यास त्वचेवर ताण येऊ नये म्हणून त्या बहुधा काही आठवड्यांच्या अंतराने काढतात. दाहयुक्त कर्करोग याला अपवाद आहे. त्यात ग्रंथी एकाएकी लाल, गरम, कडक व अतिशय वेदनामय होतात, त्यामुळे तो स्तनदाह समजून प्रतिजैविके दिली जातात. निदान झाल्यावरही शस्त्रक्रियेने लाभ होत नाही आणि वेदनाशमनावरच भर द्यावा लागतो. इतर प्रकारांत शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या ग्रंथींत नवी गाठ होण्याची शक्यता कायम राहते, म्हणून दोन्ही रांगा नियमितपणे बोटांनी चाचपून पाहाव्या लागतात.