मज्जातंतू-स्थलांतर शस्त्रक्रिया : इतिहास आणि ग्रामीण संदर्भ

दुचाकीच्या अपघातात मान व खांदा विरुद्ध दिशांना ओढले गेल्यास हाताकडे जाणारे मज्जातंतू ताणले जातात. काही वेळा ते मज्जारज्जूपासून मुळासकट उपटले जातात. असा तंतू पुन्हा सांधून हाताला शक्ती देता येत नाही. त्यामुळे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लुळा हात कापून टाकणे हाही स्वीकृत उपचार होता.

पुढे शल्यचिकित्सकांनी जवळचा निरोगी तंतू निकामी स्नायूकडे वळविण्याचा मार्ग अवलंबिला. प्रथम बरगड्यांमधील तंतू वापरले गेले. १९८६ मध्ये चीनच्या गू युडाँग यांनी विरुद्ध बाजूच्या मानेतील सातवे मूळ उपयोगात आणले. १९९४ मध्ये फ्रान्सच्या ओबेर्लिन यांनी अल्नर तंतूतील लहानसा भाग दंडाच्या स्नायूच्या तंतूस जोडून कोपर वाकविण्याची शक्ती परत आणली. मात्र त्यासाठी पंजाचे तंतू शाबूत असावे लागतात. महाराष्ट्रातही ही परंपरा रुजली. सातव्या मुळाच्या स्थलांतरावरील पुण्याचे अनिल भाटिया व सहकाऱ्यांचा शोधनिबंध २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

तंतू दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढतो. दीर्घकाळ तंतूविना राहिलेला स्नायू मात्र कायमचा निकामी होतो. म्हणून शस्त्रक्रिया शक्यतो सहा महिन्यांच्या आत व्हावी लागते. महाकाय रेडिओ दुर्बिणीमुळे जगाला परिचित असलेले खोडद पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे. तेथील जखमीला हे अंतर अनुल्लंघनीय नाही. परंतु हाड जुळले की हातही हलेल, या आशेवर महिने गेले, तर शस्त्रविद्येची ही सारी प्रगती त्याच्यासाठी व्यर्थ ठरते. वेळेवर निदान हाच या इतिहासाचा अपुरा राहिलेला टप्पा होय.