छपराखालचा खेळ : पुण्यापासून ठाण्यापर्यंत

महाराष्ट्रातील बॅडमिंटनचा इतिहास पाहताना खेळाडूंच्या विजयांइतकेच लक्ष छपराकडे द्यावे लागते, कारण बुचाच्या गोल बुडात 16 पिसे खोवून केलेले, जेमतेम पाच ग्रॅम वजनाचे फूल वाऱ्याच्या झुळकीनेही वाट सोडते आणि त्यामुळे बंदिस्त सभागृह ज्याच्या वाट्याला आले त्याच्याच हाती हा खेळ राहिला. 1870 च्या दशकात पुण्याच्या लष्करी छावणीत इंग्रज अधिकारी तो खेळत असत. तेथे रूढ झालेले नियम त्यांनी मायदेशी नेले आणि 1893 मध्ये इंग्लंडमध्ये बॅडमिंटन संघटना स्थापन झाली.

छावणीतला हा खेळ जिमखान्यांच्या मार्गाने मराठी मध्यमवर्गात उतरला. क्रिकेटपटू प्रा. दि. ब. देवधर यांच्या तारा, सुंदर आणि सुमन या कन्यांनी 1940 च्या दशकात राष्ट्रीय स्पर्धा गाजवल्या, आणि मुलींनी मैदानात उतरण्याला घरोघरी विरोध असण्याच्या त्या काळात ही कामगिरी आज मानली जाते त्याहून फार मोठी होती.

सांगलीत 1933 मध्ये जन्मलेले नंदू नाटेकर आरंभी टेनिसपटू होते. कुमार गटाच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णन यांच्याकडून हार पत्करल्यावर ते बॅडमिंटनकडे वळले आणि 1953 ते 1965 या काळात त्यांनी राष्ट्रीय एकेरीचे विजेतेपद सहा वेळा मिळवले. 1956 मध्ये क्वालालंपूर येथे सेलांगोर स्पर्धा जिंकून परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले, तर 1961 मध्ये अर्जुन पुरस्काराच्या पहिल्याच तुकडीत त्यांचा समावेश झाला. त्यांचे बळ दणकट फटक्यात नव्हते. मनगटाच्या अखेरच्या क्षणीच्या वळणाने ते फुलाची दिशा बदलत, त्यामुळे मागच्या रेषेकडे निघालेल्या प्रतिस्पर्ध्याला फूल जाळीलगत अलगद पडताना पाहावे लागे. अशी कला पुस्तकातून शिकता येत नाही, ती जाणत्याच्या समोर उभे राहून रोज फटके मारतच अंगी बाणते, आणि म्हणूनच या खेळात प्रशिक्षकाचे स्थान खेळाडूच्या बरोबरीचे मानावे लागते.

प्रशिक्षण हा पूर्ण वेळचा व्यवसाय मात्र पुढच्या पिढ्यांत रुजला. मुंबईत अनिल प्रधान यांच्या हाताखाली तयार झालेल्या अपर्णा पोपट यांनी 1996 मध्ये जागतिक कुमार स्पर्धेत रौप्यपदक मिळवले आणि पुढे सलग नऊ वेळा राष्ट्रीय विजेतेपद राखले. पुण्याचे निखिल कानेटकर 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अंतिम 16 जणांत पोहोचले, तेथे थायलंडच्या बूनसाक पोनसाना यांच्याकडून पराभूत झाले आणि पुढे स्वतःची अकादमी काढून शिकवू लागले. सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळण्याच्या जुन्या पद्धतीत वाढलेला खेळाडू 2006 नंतरच्या, प्रत्येक रॅलीला गुण देणाऱ्या वेगवान खेळासाठी मुले घडवतो, तेव्हा त्याला स्वतःच्या सवयींचीही फेरतपासणी करावी लागते.

भिवंडीतील कामतघरच्या दृष्टीने मात्र यापेक्षाही महत्त्वाची घटना ठाण्यात घडली. आठ वेळा राष्ट्रीय विजेते ठरलेल्या आणि 1988 मध्ये लखनौत हत्या झालेल्या सय्यद मोदी यांच्या नावाने ठाणे महानगरपालिकेची प्रशिक्षण योजना उभी राहिली, श्रीकांत वाड यांनी ती वर्षानुवर्षे सांभाळली आणि दुहेरीत देशासाठी खेळलेले अक्षय देवलकर यांच्यासारखे खेळाडू त्यातून पुढे आले. जिमखान्याचे छप्पर सभासदत्वाशिवाय मिळत नसे. येथे नगरसंस्थेने ते उभारले, हा बदल कोणत्याही चषकापेक्षा मोलाचा आहे. वऱ्हाळदेवी तलावाकाठचे कामतघर यंत्रमागांच्या भिवंडीत मोडते, आणि तेथील शेडची छपरे मागांपुरती बांधलेली असतात, मोठ्या स्पर्धेच्या कोर्टाला लागणारी मोकळी उंची त्यांत मिळत नाही. त्यामुळे गंभीरपणे खेळू पाहणाऱ्या येथील मुलाला कशेळीचा पूल ओलांडून गाठता येईल अशी सर्वांत जवळची परंपरा ठाण्याचीच आहे.