महर्षी कर्वे व बाया : एका संसारातील स्थित्यंतरे

नवदांपत्यास वडीलधारी मंडळी ‘नांदा सौख्यभरे’ असा आशीर्वाद देतात. परंतु नांदणे म्हणजे केवळ एका छपराखाली राहणे नव्हे. गाव बदलते, मिळकत कमी-अधिक होते, आप्त दुरावतात. अशा वेळी एकमेकांचा आधार न सुटणे, हेच खरे नांदणे होय. याचे एक उदाहरण आम्ही ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवू इच्छितो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे कार्य शाळकरी मुलांसही ठाऊक असते. त्यांचा संसार मात्र थोड्यांसच ठाऊक आहे.

धोंडोपंतांचा जन्म १८५८ सालचा, घर कोकणातील मुरूडचे. १८९१ साली त्यांच्या प्रथम पत्नी राधाबाई निवर्तल्या. पदरी रघुनाथ हा पुत्र होता. त्याच वर्षी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते गणित शिकवू लागले. पुन्हा विवाह करावयाचा तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. त्यांचे स्नेही नरहरपंत जोशी यांच्या भगिनी गोदूबाई यांस बालपणीच वैधव्य आलेले. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईस शारदासदन काढले, तेव्हा तेथे शिकावयास आलेल्या पहिल्या विधवा त्याच. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात या उभयतांचा विवाह झाला. गोदूबाई आनंदीबाई झाल्या. पुढे सर्वजण त्यांस ‘बाया’ म्हणत. दोघांनीही मृत्यूचा घाव सोसून हा संसार मांडला होता.

विधवाविवाहास कायद्याची मान्यता १८५६ सालीच मिळाली होती. परंतु सरकारने जे दिले ते जातीने दिले नव्हते. मुरूडकरांनी सभा भरवून कर्व्यांवर बहिष्कार घातला आणि त्याची झळ गावी राहणाऱ्या आप्तांसही लागली. ज्या घरी सून म्हणून मानाने जावयाचे, तेथे आपल्या पावलाने संकट जाते, हे दुःख बायांच्या वाट्यास आले. आणि ज्या गावात वाढलो ते आपले म्हणत नाही, हे धोंडोपंतांच्या.

दुसरी कसोटी घरातच होती. धोंडोपंतांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापिली. १९०० साली आश्रम रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या हिंगण्याच्या जागेत गेला. दिवसा महाविद्यालयात अध्यापन आणि नंतर सुमारे ४ मैल चालत हिंगणे, असा त्यांचा क्रम होता. विधवांस शिक्षण देऊन स्वावलंबी करावे, हा आश्रमाचा हेतू. तेथे पुनर्विवाहाचा प्रचार होतो असा संशय येता, तर सनातनी घरांनी आपल्या लेकीसुना तेथे धाडल्याच नसत्या. म्हणून पुनर्विवाहित बायांस पतीच्याच संस्थेपासून दूर राहणे भाग पडले. त्यांच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले या केशवपन केलेल्या विधवा. त्या मात्र आश्रमाच्या कार्यात अग्रभागी राहिल्या आणि त्यासाठी गावोगाव निधी जमवीत फिरल्या. एकाच घरच्या दोन भगिनी. एकीस दार उघडे आणि एकीस बंद! ते बंद करणाऱ्या रूढीशी धोंडोपंतांचे भांडण होते, तरी आश्रम जगविण्यासाठी त्यांस तिच्याशी तडजोड करावी लागली. तिचे मोल बायांनी दिले.

पैशाची ओढाताण तर नित्याचीच. पतीचे द्रव्य संस्थेकडे वाहत असता मुलांचे कसे होणार, ही चिंता बायांस होती. त्या केवळ चिंता करीत बसल्या नाहीत. नागपुरास जाऊन त्यांनी सुईणीचे शिक्षण घेतले. आपली गाऱ्हाणीही त्यांनी पोटात ठेवली नाहीत. ‘माझे पुराण’ या आठवणींत ती मोकळेपणाने मांडली आहेत. तरीही घर मोडले नाही. आमच्या मते त्याचे कारण हेच की, पतीच्या कार्याचा त्यांस अभिमान होता, पण त्यात स्वतःस हरवून घेणे त्यांनी पत्करले नाही. मुकाट्याने सोसणे आणि साथ देणे यांतील भेद त्यांच्या चरित्रात दिसतो.

पुढे दिवस पालटले. १९१४ साली धोंडोपंत सेवानिवृत्त झाले; पुष्कळांची विश्रांती ज्या वेळी सुरू होते, त्या वेळी त्यांनी महिला विद्यापीठाचा संकल्प धरून १९१६ साली तो सिद्धीस नेला. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० साली त्या विद्यापीठास १५ लक्ष रुपयांची देणगी दिली. १९५० साली बाया निवर्तल्या. ‘भारतरत्न’ हा सन्मान अण्णांस १९५८ साली लाभला. तो पाहावयास ५७ वर्षांची सहचारिणी नव्हती. १९६२ साली, वयाच्या १०५ व्या वर्षी, अण्णाही गेले.

आता आपल्याकडे वळू. बदली, नोकरी जाणे, निवृत्ती, अपत्यवियोग, मुलांचे परदेशगमन, जातीबाहेरचा विवाह, असे प्रसंग आपल्याही घरी येतात. अशा वेळी पतीने ठरवावे आणि पत्नीने निभवावे, ही रीत पुरी पडत नाही. झीज कोणाच्या वाट्यास येणार, हे दोघांनी आधीच बोलून घ्यावे. आणि ज्ञातिसंस्थेचे कर्तव्य त्याहून मोठे आहे. मुरूडच्या त्या सभेतही ज्ञातिबांधवच बसले होते. आणि विधवा बहिणीच्या पाठीशी उभे राहणारे नरहरपंतही त्याच ज्ञातीचे होते. संकटातील दांपत्य आपल्या दाराशी येईल तेव्हा यांपैकी कोणाचा कित्ता गिरवावयाचा, याचा विचार प्रत्येक सभासद कुटुंबाने करावा, एवढीच आमची नम्र विनंती.