वात, तार आणि दोन थेंब

२०१४ च्या उन्हाळ्यात पुतण्याकडे इंग्लंडात, लेस्टरला महिनाभर राहिलो होतो. एका रविवारी सकाळी बघतो तर हा जेवणाच्या टेबलावर कापूस घेऊन बसलेला. शेजारी कात्री, इवलासा स्क्रूड्रायव्हर, बारीक तारेचं रीळ. मला वाटलं, सूनबाईंनी देवाच्या वाती वळायला बसवलं.

"काय रे, फुलवाती की समईच्या?"

तो हसला. "वातच आहे काका. पण देवाची नाही."

ती ई-सिगारेटची वात होती.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. माझा धाकटा भाऊ, म्हणजे याचे वडील, २००६ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगानं गेला. आयुष्यभर बिनफिल्टरच्या सिगारेटी. आणि त्याच्याच दहाव्याला हा मुलगा मला घाटाच्या मागे सिगारेट ओढताना दिसला होता. मी काही बोललो नाही. त्यामुळे आठ महिने सिगारेटला हात लावला नाही असं तो म्हणाला, तेव्हा मी खुर्ची ओढून बसलो आणि म्हटलं, दाखव बघू हे काय आहे ते.

मी इतिहासाचा मास्तर. वस्तू हातात आली की ही आधी कशी होती, हेच पहिलं मनात येतं. पुढे बरंच वाचलं, पुतण्याला फोनवर पिडलं, आणि जे समजलं ते असं.

द्रव गरम करून त्याची वाफ हुंगण्याचं विजेचं उपकरण तसं जुनं. जोसेफ रॉबिन्सन नावाच्या अमेरिकन माणसाला १९३० साली औषधी वाफेच्या अशा यंत्राचं पेटंट मिळालं होतं. १९६५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या हर्बर्ट गिल्बर्टला बिनधुराच्या, बिनतंबाखूच्या सिगारेटचं पेटंट मिळालं. पण बाजारात काही ते आलं नाही. बाजारात आणली ती होन लिक या चिनी औषधतज्ज्ञानं. तो स्वतः भरपूर सिगारेट ओढणारा, आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगानं गेलेले. हे वाचलं तेव्हा मी चष्मा काढून थोडा वेळ नुसता बसलो होतो.

होन लिकच्या २००३ च्या मूळ रचनेत उष्णतेचं काम फारसं नव्हतंच. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिकंपनांनी द्रवाचे बारीक तुषार उडवायचे, अशी कल्पना होती. ॲटमायझर हे नाव तिथे शोभतं, अत्तराच्या फवाऱ्यालाही तेच म्हणतात. पण लवकरच कंपनं गेली आणि तापणारी तार आली. तुषार गेले, वाफ आली. नाव मात्र तेच राहिलं. (आमच्या गावच्या 'नव्या' पुलाला साठ वर्षं झाली, तसंच.)

सुरुवातीच्या या सिगारेटींचे तीन तुकडे असत: बॅटरी, ॲटमायझर आणि द्रवाची कुपी. कुपीत कृत्रिम धाग्याचा बोळा भिजवून ठेवलेला. ॲटमायझरच्या तोंडाशी धातूच्या जाळीची छोटी कमान. बोळा कमानीला टेकला की द्रव पाझरून खालच्या तारेपर्यंत जायचा. कागदावर छान, पण व्यवहारात बोळ्यात निम्मा द्रव शिल्लक असतानाच पाझर मंदावायचा आणि तोंडात जळका वास यायचा. मग ओढणाऱ्यांनीच एक उपाय काढला. कुपी काढून ठेवायची आणि बाटलीतून दोन-तीन थेंब सरळ कमानीवर सोडायचे. चार-सहा झुरके, पुन्हा दोन थेंब. यालाच ड्रिपिंग म्हणू लागले. कारखान्यानं दिलेली सोय बाजूला ठेवून माणसं हातानं थेंब घालू लागली, याची मला मोठी गंमत वाटते.

त्यातून पुढे खास थेंबांसाठीच ॲटमायझर घडले. पुतण्याच्या हातात होता तो त्यातलाच, सुपारीएवढा. तळाला चकती, तिच्यावर धातूचे खांब. मधला खांब धन, चकतीपासून विलग केलेला, बाजूचे ऋण. खांबांना तारेचं वेटोळं स्क्रूनं आवळायचं आणि त्यातून कापसाची वात ओवायची. वातीची टोकं चकतीभोवतीच्या खोलगट खळग्यात बसतात, थेंब तिथेच साठतात. वर टोपी, टोपीला हवेची भोकं, शेंड्याला मुखनळी. द्रव म्हणजे ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल, स्वादाचा अर्क आणि निकोटीन.

या भोकांवरच केवढा खल झालेला! हवा खालून तारेवर घेतली तर चव दाट येते, पण थेंब जास्त झाले की द्रव त्याच भोकातून खिशात. भोकं बाजूला, वरच्या अंगाला नेली तर गळती थांबते, पण हवा वळवून तारेपर्यंत आणावी लागते. टोपीच्या आतली पोकळी लहान असेल तर चवीला बरं, मोठी असेल तर ढगाला. वातीचंही तसंच. आधी काचतंतूची दोरी होती, कोणी पोलादी जाळीची गुंडाळी वापरली, शेवटी गाडी आपल्या कापसावर आली. कापूस फार दाबून भरला तर द्रव चढत नाही, सैल सोडला तर गळतो. आईची समईची वात मला आठवली. तीही घट्ट वळली की तेल ओढायची नाही. फरक एवढाच की समईची वात जळायला हवी, आणि ही जळली की सगळं बिघडलं. सुकल्या वातीवर तार तापली की त्या द्रवाचेच फॉर्मल्डिहाइड, ॲक्रोलीन असले विषारी पदार्थ होतात.

तार म्हटली की मला वर्गातला ओहमचा नियम आठवतो. विज्ञानाचे सर रजेवर असले की तो तास माझ्या गळ्यात पडायचा. ३.७ व्होल्टची बॅटरी आणि २ ओहमचं वेटोळं, तर उष्णता जेमतेम ७ वॅट. तेच ०.२ ओहमचं केलं तर ६८ वॅट, आणि तारेतून साडेअठरा अँपिअर! आपल्या घरातला गिझरचा प्लगसुद्धा सोळाचा असतो. हे गणित मी कागदावर मांडून दाखवलं तेव्हा पुतण्या म्हणाला, "काका, म्हणूनच मी आधी मीटर लावून मोजतो." पण न मोजणारेही असणारच. माझा जीव त्यातच अडकला होता.

असो. पुढची गोष्ट २०१९ ची. त्या वर्षी १८ सप्टेंबरला आपल्याकडे अध्यादेशानं ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री सगळं बंद झालं आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. पुतण्या डिसेंबरातच पुण्याला आला, ते यंत्र घरी ठेवून. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या टपरीवरून सिगारेटचं पाकीट घेऊन आला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "ही चालते ना इथे." सहा वर्षं सुटलेली सिगारेट तीन आठवडे ओढली त्यानं. मी त्या कायद्यावर फार चिडलो होतो.

आता तितका चिडत नाही. त्याच वर्षी अमेरिकेत बाष्पाच्या उपकरणांमुळे फुप्फुसं निकामी होऊन माणसं दगावली, फेब्रुवारी २०२० पर्यंत ६८. त्यात मुख्य संशय गांजाच्या अर्कात मिसळलेल्या ई जीवनसत्त्वाच्या तेलावर आला, साध्या निकोटीनच्या द्रवावर नाही, हे खरं. पण २०२३ मध्ये पुतण्याच्या लेकीच्या दप्तरात, वय वर्षं तेरा, गुलाबी रंगाची वापरून फेकायची ई-सिगारेट सापडली. कलिंगडाच्या वासाची. वात, तार सगळं आतच बंद, स्क्रू आवळायचा नाही. नुसती ओढायची. बापाच्या हातातल्या यंत्रापायी निदान कापूस कापावा लागायचा, थेंब मोजावे लागायचे, मीटर लावावा लागायचा. ती कटकट कारखान्यांनी एकेक करून काढून टाकली, आणि मग वस्तू तेरा वर्षांच्या मुलीलाही जमू लागली. ब्रिटननं १ जून २०२५ पासून या फेकायच्या प्रकारावर बंदी घातली, भरता येणारे प्रकार चालू ठेवले. मला तो भेद पटतो. आपल्याकडे मात्र बिडी, सिगारेट टपरीवर आणि बाकी सगळं गुन्हा, हे मला अजून पटलेलं नाही.

होन लिकनं पुढे मुलाखतीत कबूल केलं की आपण सिगारेट पूर्ण सोडलेली नाही. पुतण्यानं मात्र सोडली, परत गेल्यावर पुन्हा एकदा. निकोटीन कमी करत आणलं आणि गेल्या वर्षी तेही थांबवलं. लेकीपुढे बोलायला तोंड हवं ना, म्हणाला. दिवाळीला आला तेव्हा तो इवलासा स्क्रूड्रायव्हर मला देऊन गेला. चष्म्याच्या काडीचा स्क्रू सारखा ढिला होतो, त्याला अगदी बरोबर बसतो.